व्यसन कशामुळे जडते? व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि मानसशास्त्राची बदलती उत्तरे

मे १९७१. रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी हे अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, परदेश दौऱ्याहून परतले आणि त्यांनी देशाला हादरा देणारा अहवाल मांडला. व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपैकी १० ते १५ टक्के हेरॉइनच्या आहारी गेले आहेत, असे त्यात म्हटले होते. युद्ध आधीच अप्रिय झाले होते आणि दर महिन्याला हजारो तरुण मायदेशी परतत होते. आता प्रत्येक परतीच्या विमानातून गावोगावी किती व्यसनी उतरणार, या कल्पनेनेच वॉशिंग्टन धास्तावले.

१७ जून १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले. जेरोम जॅफी या शिकागोच्या मनोविकारतज्ज्ञाकडे नव्या विशेष कार्यालयाची सूत्रे आली. व्हिएतनाम सोडणाऱ्या प्रत्येक सैनिकाने लघवीचा नमुना द्यायचा, त्यात अफूजन्य पदार्थ सापडला तर विमानात बसायचे नाही, आधी तिथेच शरीरातले विष उतरवायचे, असा नियम झाला. ही मोहीम ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सैन्याची विनोदबुद्धी अशा प्रसंगी आटत नाही.

पण घरी पोहोचल्यावर या माणसांचे काय होते, हा प्रश्न उरलाच होता. तो शोधण्याचे काम सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे सोपवले गेले. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांतून त्यांनी नमुना निवडला, आठ ते बारा महिन्यांनी सुमारे ९०० जणांना गाठून मुलाखती घेतल्या, लष्करी नोंदींशी त्या ताडून पाहिल्या आणि मुलाखतीनंतर पुन्हा लघवीचे नमुनेही घेतले.

निष्कर्ष असा होता. साध्या सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी व्हिएतनाममध्ये हेरॉइन चाखले होते. सुमारे २० टक्के जणांनी आपण तिथे व्यसनी झालो होतो, असे सांगितले. म्हणजे काँग्रेस सदस्यांचा आकडा अतिरंजित नव्हता, उलट कमीच होता. मात्र तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते अवघे ५ टक्के. तीन वर्षांचा काळ धरला, तरी काही काळापुरते का होईना, पुन्हा जाळ्यात सापडले ते सुमारे १२ टक्के.

यावर कोणाचा विश्वास बसेना. हेरॉइन एकदा जडले की सुटत नाही, हे तेव्हा केवळ लोकमत नव्हते. त्याला रुग्णालयीन आकड्यांचे बळ होते. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयातून घरी गेलेल्या न्यूयॉर्कच्या रुग्णांचा पाठपुरावा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातले ९० टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनात सापडलेले आढळले होते. पदार्थ तोच, देश तोच, मग एकीकडे ९० आणि दुसरीकडे ५ कसे?

या धाग्याचा विषय हाच आहे. धागा लांब आहे, कारण हे दोन आकडे समजून घ्यायचे तर आधी ‘माणूस व्यसनी का होतो’ या प्रश्नाला दीड-दोनशे वर्षे कोणी, कुठे बसून, कोणाकडे पाहून उत्तरे दिली, हे पाहावे लागते.

सुरुवात दारूपासून करावी लागेल. थॉमस ट्रॉटर हा ब्रिटिश आरमाराचा वैद्य. मद्यासक्तीवरचा त्याचा निबंध १८०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी धर्मोपदेशकांच्या लेखी दारुडेपणा हे पाप होते आणि न्यायाधीशांच्या लेखी दुर्वर्तन. ट्रॉटरने दारू पिण्याच्या सवयीला मनाचा आजार म्हटले. शरीरातून दारू उतरवणे सोपे, पण मनाला पडलेली सवय मोडणे हेच वैद्याचे खरे काम, असा त्याचा रोख होता. जहाजावर महिनोन् महिने त्याच त्या माणसांसोबत राहणाऱ्या वैद्याला हे सुचावे, यात आश्चर्य नाही. रुग्ण बरा होऊन पुन्हा पिताना तो रोज पाहत असणार.

मॉर्फिन टोचण्याची सुई १८५० च्या दशकात आली आणि चित्र पालटले. १८७७ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड लेविन्स्टाइनने मॉर्फिनच्या आसक्तीवर ग्रंथ लिहिला. त्याने या अवस्थेला वेडाच्या रकान्यात टाकले नाही. दारू, जुगार यांच्यासारखीच ही एक मानवी वासना आहे, असे तो मानत असे. उपचार मात्र वासनेला साजेसा कठोर होता: रुग्णाला खोलीत बंद करायचे, मॉर्फिन एकाएकी थांबवायचे आणि पहारा ठेवायचा.

इथे एक सामाजिक तपशील फार महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतला नमुनेदार अफू-मॉर्फिनचा व्यसनी कोण होता? डेव्हिड कोर्टराइट या इतिहासकाराने दाखवून दिल्याप्रमाणे, ती बहुधा मध्यमवयीन, मध्यमवर्गीय गोरी स्त्री होती, आणि तिला सवय लावणारा तिचाच डॉक्टर होता. तिच्याबद्दल लिहिताना वैद्यकीय नियतकालिकांचा सूर बहुतेकदा करुणेचा असे. विसावे शतक उजाडेपर्यंत डॉक्टर सावध झाले आणि असे रुग्ण घटू लागले. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर तर पदार्थ वैध मार्गाने मिळणेच अवघड झाले. उरले ते शहरी वस्त्यांतले तरुण, गरीब पुरुष.

आणि नेमक्या त्याच सुमारास मानसशास्त्रीय स्पष्टीकरणही बदलले! १९२५ मध्ये अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील लॉरेन्स कोल्ब यांनी व्यसनींचे प्रकार पाडून दाखवणारा निबंध लिहिला. वैद्यकीय उपचारातून अपघाताने सवय लागलेली ‘सामान्य’ माणसे त्यात होती. पण बाकीच्यांचे व्यक्तिमत्त्व मुळातच दुबळे किंवा विकृत असते, पदार्थ केवळ निमित्त ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरोगी मनाच्या माणसाला अफूतून वेदनाशमनापलीकडे फारसे सुख मिळत नाही. ज्याच्या मनात आधीच काही मोडलेले असते, त्यालाच ती स्वर्ग दाखवते.

कोल्बना खलनायक ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. ते तुरुंगाऐवजी उपचारांचे पुरस्कर्ते होते आणि १९५० च्या दशकातल्या जाचक कायद्यांवर त्यांनी उघड टीका केली. मात्र त्यांनी दिलेला शब्द त्यांच्या हातात राहिला नाही. ‘व्यसन म्हणजे व्यक्तिमत्त्वातला दोष’ हे सूत्र इतके रुजले की, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये निदानाची पहिली नियमपुस्तिका काढली, तेव्हा अमली पदार्थांचे व्यसन समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या गटात नोंदले गेले. ते स्वतंत्र प्रकरणात यायला १९८० साल उजाडावे लागले. वर्गीकरणाच्या पुस्तकातला एक रकाना किती काळ आणि किती माणसांच्या आयुष्यावर सत्ता गाजवतो, याचे हे उदाहरण.

कोल्ब हेच लेक्सिंग्टनच्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले. १९३५ मध्ये उघडलेली ही संस्था ‘नार्कोटिक फार्म’ म्हणून प्रसिद्ध आहे. सुमारे हजार एकरांचे आवार, शेती, गोठे, कार्यशाळा, आणि एकाच छपराखाली शिक्षा भोगणारे कैदी व स्वतःहून आलेले रुग्ण. सॉनी रोलिन्स आणि चेट बेकर यांच्यासारखे जॅझ संगीतकार इथे राहून गेले. रुग्णालय म्हणावे तर खिडक्यांना गज होते, आणि तुरुंग म्हणावे तर संगीताच्या मैफली होत.

इथेच एब्रहॅम विकलर या मनोविकारतज्ज्ञाला एक विलक्षण गोष्ट दिसली. कित्येक महिने मॉर्फिनला स्पर्शही न केलेले, शरीराने पूर्ण स्वच्छ झालेले रुग्ण गटचर्चेत बसत. बोलता बोलता विषय नशेवर येई, आणि त्यांच्यातल्या काहींना जांभया येऊ लागत, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागे. ही तर नशा तुटल्यावरची लक्षणे! मुंबई-पुण्याकडे ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तीच. शरीरात पदार्थ नाही, मग त्याच्या अभावाची लक्षणे कुठून आली?

विकलर यांनी उत्तर पावलॉव्हकडे शोधले. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, कारण घंटा आणि अन्न यांची जोडी जमलेली असते. तसेच ज्या गल्लीत, ज्या मित्रांत, ज्या सुईच्या दर्शनाने माणसाने शेकडो वेळा टर्की भोगली आणि शमवली, त्या खुणांशी टर्कीचीच जोडी जमते. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘अभिसंधान’ असा शब्द आहे. १९४८ मध्ये विकलर यांनी ही कल्पना मांडली. रुग्ण बरा होऊन रेल्वेने आपल्या शहरात उतरतो, ओळखीचा कोपरा दिसतो आणि शरीर आपोआप जुने दुखणे उगाळू लागते. त्यात ना पाप होते, ना दुबळे व्यक्तिमत्त्व. ते शिकणेच होते, फक्त शिकणाऱ्याच्या नकळत झालेले.

माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना आहे. पण तिच्या जन्मस्थानाविषयी मौन बाळगणे योग्य नाही. लेक्सिंग्टनच्या संशोधन विभागात प्रयोगांसाठी कैदी वापरले जात. अनेक वर्षे सहभागाचा मोबदला म्हणून त्यांना मॉर्फिनसारखे पदार्थच दिले गेले, आणि ते कधी टोचून घ्यायचे याची जमाखर्चासारखी नोंद ठेवली जाई. १९७५ मध्ये सिनेटपुढील सुनावण्यांत हे उघड झाले आणि कैद्यांवरील संशोधन बंद पडले. व्यसनमुक्तीसाठी आलेल्या माणसाला व्यसनाच्या चलनात मजुरी! ज्ञान आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजे.

विकलर यांच्या आधी, रुग्णालयाबाहेर एकाने वेगळाच प्रश्न विचारला होता. आल्फ्रेड लिंडस्मिथ हे समाजशास्त्रज्ञ. १९३० च्या दशकात शिकागोत त्यांनी व्यसनी लोकांशी दीर्घ संभाषणे केली. त्यांना छळणारे कोडे असे: रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना आठवडेच्या आठवडे मॉर्फिन दिले जाते, ते थांबल्यावर त्यांना त्रासही होतो, तरी ते व्यसनी होत नाहीत. घरी जातात, ‘आजारपणाचा अशक्तपणा आहे’ म्हणतात आणि आठवड्याभरात विसरून जातात. असे का?

लिंडस्मिथ यांचे उत्तर होते: कारण त्यांना कळतच नाही. व्यसन नशेच्या सुखातून जन्मत नाही. ‘मला होणारा हा त्रास अमुक पदार्थ न मिळाल्याने होतो आहे आणि तो घेतला की थांबतो’ असे माणूस ओळखतो आणि त्या समजुतीने पुन्हा घेतो, त्या क्षणी तो व्यसनी होतो. शरीर लाचार होणे आणि माणूस व्यसनी होणे यांच्या मधोमध एक विचार उभा आहे. याचा परिणाम असा की, तान्हे मूल शरीराने अवलंबून असू शकते, पण त्याला व्यसनी म्हणता येत नाही.

हे वाचताना मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. गिरणीत पाळी असणाऱ्या आया तान्ह्या बाळाला निजवून ठेवण्यासाठी ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. ती घरोघरी चाले आणि १९२० च्या दशकात कामगार स्त्रियांच्या पाहण्यांत ती पुन्हा पुन्हा नोंदली गेली. बाळे तिने सुस्तावत, अंगाने खंगत, काही दगावतही. पण पुढे गोळी बंद होई, आणि ती मुले मोठेपणी सरसकट अफूबाज झाली नाहीत. लिंडस्मिथ यांच्या सिद्धांताला गिरणगावातल्या झोळ्यांइतका मोठा दाखला क्वचितच मिळाला असता.

त्याआधी १८९३ ते १८९५ या काळात ब्रिटिश सरकारच्या अफू आयोगाने भारतभर ७०० हून अधिक साक्षी नोंदवल्या होत्या. भारतीय माणूस अफू बहुधा माफक प्रमाणात घेतो, तिच्यावर बंदीची गरज नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला. एक सदस्य, हेन्री विल्सन, यांनी भिन्नमत नोंदवले आणि आयोगाच्या कामकाजावरच आक्षेप घेतला. अफूच्या महसुलावर ज्या सरकारची भिस्त, त्यानेच ‘अफूने फारसे बिघडत नाही’ म्हणावे, हे संशयास्पद होतेच. तरीही त्या साक्षींत एक निरीक्षण वारंवार येते: रोज ठरावीक गोळी खाऊन शेतात राबणारी, संसार करणारी माणसे. मिशनऱ्यांना दिसणारा अफूचा गुलाम आणि जिल्हाधिकाऱ्याला दिसणारा कष्टाळू कुणबी, दोघेही खरे असू शकतात. कोण कोणाच्या दारात जातो, यावर ते अवलंबून होते.

लिंडस्मिथ यांना मात्र आपल्या निष्कर्षांची किंमत मोजावी लागली. व्यसनी माणूस विकृत नाही, तर परिस्थिती उमगलेला सामान्य माणूस आहे, असे म्हटले की त्याला गजाआड टाकण्याचे समर्थन ढिले पडते. संघीय अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अन्स्लिंगर यांनी लिंडस्मिथ यांच्यावर पाळत ठेवली आणि त्यांना बदनाम करण्याचे प्रयत्न केले. १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी किमान सक्तीच्या शिक्षा आणल्या. १९५६ च्या कायद्यात अल्पवयीनांना हेरॉइन विकणाऱ्याला मृत्युदंडाचीही तरतूद होती.

‘कारण काय’ या प्रश्नावर किती अवलंबून असते, हे १९६२ च्या रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात दिसते. कॅलिफोर्नियात नुसते ‘व्यसनी असणे’ हाच गुन्हा होता. पदार्थ जवळ सापडायची गरज नव्हती, दंडावरच्या सुयांच्या खुणा पुरत. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. आजारी असण्याबद्दल कोणाला शिक्षा देता येत नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो, तो लॉरेन्स रॉबिन्सन निकाल लागण्यापूर्वीच वारला होता.

दरम्यान प्रयोगशाळांत उंदीर दाखल झाले होते. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना आढळले की, मेंदूच्या विशिष्ट भागात विजेची तार घातलेला उंदीर तो सुखद झटका मिळवण्यासाठी कळ दाबत राहतो. १९६२ मध्ये जेम्स वीक्स यांनी कळ दाबताच थेट शिरेत मॉर्फिन जाईल अशी योजना केली. उंदरांनी कळ दाबली. मग व्यक्तिमत्त्व, बालपण, चारित्र्य यांची चर्चा कशाला? उंदराला कुठे आले चारित्र्य? ज्या कृतीने सुख मिळते किंवा दुःख टळते ती पुन्हा केली जाते. वर्तनवाद्यांना एवढे पुरेसे होते.

मनोविश्लेषकांची वाट निराळी. शांडोर राडो यांनी १९३३ मध्ये लिहिले की, पदार्थ आधीच खिन्न असलेल्या ‘स्व’ला काही काळ भव्य बनवतो आणि उतरल्यावर खिन्नता आणखी गडद करतो. पुढे १९८५ मध्ये एडवर्ड खांट्झियन यांनी यातले जडजंबाल काढून साधी मांडणी केली: व्यसनी माणूस स्वतःच स्वतःवर औषधोपचार करत असतो. संतापाने पोळणारा अफूजन्य पदार्थांकडे जातो, मरगळलेला कोकेनकडे. रुग्णांना ही मांडणी पटते, कारण ती त्यांच्या दुःखाला मान देते. ‘ठरावीक दुःखाला ठरावीक पदार्थ’ हा तिचा भाग मात्र पुराव्याला फारसा टिकला नाही, आणि खिन्नता आधीची की नशेनंतरची, हे रुग्णालयात आलेल्या माणसाकडे पाहून सांगणे अवघड असते.

आता पुन्हा रॉबिन्स यांच्याकडे. त्यांचे आकडे हाती आले तेव्हा प्रत्येक घराण्याने त्यावर आपला हक्क सांगितला. अभिसंधानवादी म्हणाले, बघा, नशेच्या सगळ्या खुणा व्हिएतनाममध्येच राहिल्या, ओहायोच्या शेतावर त्यातले काहीच नव्हते. लेक्सिंग्टनचा रुग्ण मात्र ज्या गल्लीत बिघडला त्याच गल्लीत परत जात असे. स्पष्टीकरण देखणे आहे आणि त्यात तथ्यही असावे.

खुणांचे सामर्थ्य किती, हे कॅनडाच्या शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये दाखवले. हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एक मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत तो मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के, आणि पूर्वी कधीच हेरॉइन न मिळालेल्यांपैकी ९६ टक्के. ओळखीच्या जागी शरीर आधीच बचावाची तयारी करते, नव्या जागी ते बेसावध असते. जागा बदलणे माणसाला वाचवू शकते आणि मारूही शकते.

पण रॉबिन्स स्वतः अधिक सावध होत्या, आणि त्यांचे तपशील वाचले की ही गोष्ट तितकी गुळगुळीत राहत नाही. व्हिएतनाममधले हेरॉइन अतिशय शुद्ध आणि स्वस्त होते, त्यामुळे बहुतेक सैनिक ते सिगारेटमध्ये भरून ओढत. अमेरिकेत ते महाग, भेसळीचे आणि सुईखेरीज परवडत नसे. युद्धाचा ताण हे कारण सर्वांना उघड वाटत होते, पण अनेकांनी वापर तैनातीच्या अगदी सुरुवातीलाच, गोळीबार अनुभवण्याआधी सुरू केला होता, आणि जास्त लढाई पाहिलेल्यांत वापर ठळकपणे अधिक असल्याचे दिसले नाही. सैनिकांची स्वतःची कारणे साधी होती: मजा वाटे, कंटाळा जाई, दिवस सुसह्य होत. लष्करात येण्यापूर्वीच नशा केलेले, शाळा अर्धवट सोडलेले, लहानपणी उनाडक्या केलेले तरुण त्यात अधिक होते. म्हणजे कोल्ब यांचा व्यक्तिमत्त्वाचा मुद्दाही पूर्णपणे बाद होत नव्हता.

सर्वांत अनपेक्षित तपशील असा: तिथे व्यसनी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी परतल्यावर कधी ना कधी पुन्हा अफूजन्य पदार्थ घेतला होता. तरी बहुतेक जण पुन्हा व्यसनी झाले नाहीत. ‘एकदा घेतले की संपले’ या समजुतीला यातून गेलेला तडा आजही बुजलेला नाही. १९९३ मध्ये मागे वळून लिहिताना रॉबिन्स यांनी शीर्षकातच विचारले होते की, सैनिकांचे हे झटपट बरे होणे हा निव्वळ योगायोग होता की एरवीही हेच अपेक्षित धरायला हवे?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातला धडा ओळखीचा वाटेल. लेक्सिंग्टनचे दफ्तर हे बरे न झालेल्यांचे दफ्तर होते. जो स्वतःच्या बळावर घरीच सुटला, त्याने रुग्णालयाची पायरी कधी चढलीच नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही. आपण न्यायालयीन कागदांवरून एखाद्या गावाचा इतिहास लिहू लागलो, तर त्या गावात भांडणांखेरीज काहीच घडत नव्हते असे वाटेल. तसेच हे. रॉबिन्स यांनी प्रथमच दफ्तराबाहेरची माणसे मोठ्या संख्येने मोजली, तीही एक सरकारी नियम सर्वांना एकाच रांगेत उभे करत होता म्हणून.

आता समाजमाध्यमांवर सतत फिरणाऱ्या एका गोष्टीविषयी. ‘उंदरांची बाग’ तुम्ही वाचली असेलच. ब्रूस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात नेहमीच्या पिंजऱ्याच्या सुमारे २०० पट मोठे घर बांधले, त्यात उंदरांना सोबती, खेळणी, आडोसे दिले. एकांतातले उंदीर मॉर्फिनचे गोड पाणी भरपूर प्यायले, बागेतले कितीतरी कमी. मग निष्कर्ष फिरवला जातो की, व्यसनाचे उलटे नाव ‘नाते’. प्रयोग खरा आहे आणि वीक्सच्या एकाकी पिंजऱ्यावर त्याने घेतलेला आक्षेपही मोलाचा आहे. पण पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा दरवेळी तसाच निकाल आला नाही. व्हिएतनामच्या आकड्यांना या बागेच्या शेजारी बसवून ‘सगळे काही परिस्थितीच ठरवते’ म्हणणाऱ्या पोस्टपासून चार हात दूर राहावे. पिंजऱ्यातून निघालेला सिद्धांत घाईचा होता, तशी बागेतून निघालेली घोषणाही घाईची आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक ॲलन लेश्नर यांनी व्यसन हा मेंदूचा आजार आहे असे ठामपणे लिहिले. २००९ मध्ये जीन हेमन या मानसशास्त्रज्ञाने प्रतिवादासाठी ज्या पुराव्यांवर भर दिला, त्यांत रॉबिन्स यांचे सैनिक होतेच. वाद चालू आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न १९८० च्या दशकात ‘गर्द’ घेऊन आला. ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांत पोहोचली, ‘गर्दुल्ला’ हा शब्द रूढ झाला. अनिल अवचट यांनी त्यावर वृत्तलेखन केले, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानने त्याला आर्थिक पाठबळ दिले. गटात बसून बोलणे, दिनक्रम, कुटुंबाचा सहभाग आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा यांवर तिथे भर राहिला. लेक्सिंग्टनहून सुटलेल्या रुग्णाला तो कोपरा दिसे तेव्हा सोबत कोणी नसे. हा फरक लहान नाही.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९८५ मध्ये, संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा केला होता. त्याचे कलम २७ सेवन करणाऱ्याला शिक्षा सांगते. पुढे दुरुस्तीने घातलेले कलम ६४-अ स्वतःहून उपचारांसाठी येणाऱ्या व्यसनी माणसाला, काही अटींवर, खटल्यापासून संरक्षण देते. दोन्ही कलमे आजही त्याच कायद्यात आहेत, आणि एखाद्या गर्दुल्ल्याच्या वाट्याला त्यांतले कोणते येते, हे तो आधी पोलिसाला सापडला की समुपदेशकाला, यावर बरेचदा ठरते.